मदत हवी आहे: मेंटेनन्सचं ज्ञान व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये अडकलंय, बाहेर कसं काढायचं?

पानानंबर१३

भोसरीत मशिन शॉप आहे. पंचवीसेक सीएनसी आणि व्हीएमसी (कॉम्प्युटर कंट्रोलवर धातू कापणारी मशिनं), तीन शिफ्ट, मेंटेनन्स आणि सेटर (मशिनवर जॉब, टूल लावून देणारे) धरून साठ माणसं. बिघाड झाला की ग्रुपवर फोटो पडतो, ज्याला ठाऊक आहे तो उत्तर देतो, मशिन चालू होतं. काही महिन्यांनी तोच अलार्म रात्रपाळीत येतो, जुनं उत्तर कुणाला सापडत नाही, आणि पुन्हा जाणत्या माणसाला झोपेतून उठवायचं. त्यातले दोघंतिघं रिटायरमेंटला आले आहेत.

१) स्लॅक, टीम्स, टेलिग्राम, विकी यातलं काय घ्यावं? बजेट नसल्यात जमा. सगळ्यांना कंपनीचा ईमेल नाही.
२) जुन्या ग्रुपमधलं कामाचं कसं उपसायचं?
३) माणसं बोलतात भरपूर, लिहीत नाहीत. दर पोस्टमागे बक्षीस ठेवा, असं एचआर म्हणतंय. ठेवावं का?

विकीवेडी

ग्रुप बंद करू नका. विचारायची जागा आणि साठवायची जागा वेगवेगळ्या असू द्या, एवढंच. रात्री दोन वाजता मशिन बंद पडलं की माणूस फॉर्म भरत बसत नाही, ग्रुपवरच फोटो टाकणार. तिथलं उत्तर दुसऱ्या दिवसापर्यंत साठवणीच्या जागी पोचतं की नाही, सगळं त्यावर आहे.

टूलचं म्हणाल तर:

स्लॅक फुकटात घेतलं तर ९० दिवसांपलीकडचे मेसेज दिसत नाहीत. तुमचं दुखणंच जुन्या मेसेजचं आहे, तेव्हा ते बाद. टीम्स कंपनीकडे आधीच असेल तरच. त्यासाठी साठ लायसन घेऊ नका. टेलिग्राममध्ये ग्रुपला टॉपिक पाडता येतात (मशिनवार एकेक) आणि नव्या माणसाला जुना इतिहास दाखवता येतो, म्हणून ते व्हॉट्सॲपपेक्षा बरं. पण शेवटी तीही वाहती गप्पाच.

साठवायला बुकस्टॅक हे विकीचं सॉफ्टवेअर बघा. फुकट, मुक्तस्रोत, पीएचपी आणि मारियाडीबीवर चालतं, ऑफिसातल्या जुन्या पीसीवर लिनक्स टाकून बसवता येतं. रचना कपाट, पुस्तक, प्रकरण, पान अशी आहे. मशिनच्या मेकचं कपाट, प्रत्येक मशिनचं पुस्तक, आत अलार्मची पानं. खाती ॲडमिनने स्वतः उघडून पासवर्ड देता येतो, मेल सर्व्हरवाचून अडत नाही. डिस्कोर्ससारखं फोरम सॉफ्टवेअर दिसायला छान, पण ते मेल पाठवण्याच्या सोयीवर उभं असतं. तुमच्याकडे ती अडचण पहिल्याच दिवशी येईल.

बॅकअप म्हणजे डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत), अपलोडची दोन फोल्डरं (एक पब्लिकमध्ये, एक स्टोरेजमध्ये) आणि सेटिंगची डॉट-ईएनव्ही फाइल. नुसता डेटाबेस उचलला तर पानं परत येतील, फोटो येणार नाहीत. हे रोज रात्री दुसऱ्या मशिनवर जाऊ दे.

गेज_ब्लॉक

वरच्या प्रतिसादाला +१. नोंद कशी लिहायची ते सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी गाडी तिथेच अडते. 'बॅटरी बदलली, मशिन ओके' ही नोंद नव्हे. नमुना देतो (फानुक हा कंट्रोलचा मेक, डीएस ०३०७ हा अलार्म नंबर, एपीसी म्हणजे ॲब्सोल्यूट पल्सकोडर, ॲक्सिसची जागा मोजणारा सेन्सर):

*शीर्षक:* व्हीएमसी-०७, फानुक, डीएस ०३०७, एपीसी बॅटरी लो

*लक्षण:* स्क्रीनवर अलार्म, मशिन अजून चालतंय.

*कारण:* ॲब्सोल्यूट पल्सकोडरची बॅटरी उतरली. मेन स्विच बंद असताना ॲक्सिसची जागा ही बॅटरी लक्षात ठेवते.

*उपाय:* कंट्रोल चालू ठेवा, इमर्जन्सी स्टॉप दाबा, मग सेल बदला. या मशिनला वेगळा बॅटरी बॉक्स आहे, त्यात डी साइझचे चार अल्कलाइन सेल लागतात. चारही एकदम आणि नवे. आधी जुन्यांच्या दिशेचा फोटो काढा. अलार्म रिसेट करा.

*काय करू नये:* पॉवर बंद करून सेल काढू नका. कंट्रोल चालू असेल तर पल्सकोडरला ड्राइव्हकडून वीज मिळत असते. ती नाही आणि सेलही नाही, म्हणजे जागा पुसली गेली. पुढच्या वेळी डीएस ०३०० येतो, पॅरामीटर १८१५ मधला एपीझेड बिट (जागा पक्की असल्याची खूण) शून्य झालेला दिसतो आणि रेफरन्स (ॲक्सिसची मूळ जागा) नव्याने बसवावा लागतो. तो झेड ॲक्सिसला थोडा जरी चुकला तरी टूलचेंजची उंची सरकते आणि एटीसीचा (आपोआप टूल बदलणाऱ्या यंत्रणेचा) हात टूलवर आपटतो.

*सावधान:* पॅनल लाइव्ह आहे. इलेक्ट्रिशियननेच करायचं.

*सांगितलं कुणी, तपासलं कुणी, तारीख.*

'काय करू नये' हा रकाना सक्तीचा ठेवा. मॅन्युअलमध्ये ते बारीक टायपात कुठेतरी असतं, आणि जाणत्या माणसाची खरी किंमत तिथेच असते. बॅटरीची जागा मेकनुसार, मॉडेलनुसार बदलते. काही ड्राइव्हमध्ये ती ॲम्प्लिफायरलाच असते आणि लिथियमची असते. म्हणून नोंद 'सगळ्या फानुकला' अशी कधीच लिहू नका, मशिन नंबर टाका.

विकीवेडी

शीर्षकावरून आठवलं, सर्चचा घोळ आधीच निस्तरा. एक जण 'बेअरिंग' लिहितो, दुसरा 'बेरिंग', तिसरा रोमन लिपीत. अलार्म नंबर कुणी मराठी अंकांत टाकतो, कुणी इंग्रजी. सर्चला ती वेगवेगळी अक्षरं दिसतात. तेव्हा नियम करा: अलार्म नंबर स्क्रीनवर दिसतो तसाच, इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत. पार्टची नावं टॅगमध्ये दोन्ही लिप्यांत. बुकस्टॅकचा सर्च शब्दाच्या सुरुवातीशी जुळवतो, त्यामुळे 'स्पिंडल' शोधलं की 'स्पिंडलला', 'स्पिंडलचा' हेही सापडतं. पण 'डोकं' शोधून 'डोक्याला' सापडत नाही. म्हणून शीर्षकात नाम मूळ रूपात.

व्हॉइस नोटचं तर विचारूच नका. आत काय आहे ते सर्चला कधीच कळणार नाही.

तिसरी_शिफ्ट

जुन्या ग्रुपबद्दल. ग्रुप उघडून तीन टिंबांतून 'एक्सपोर्ट चॅट' करता येतं, पण त्याला मर्यादा आहे: फोटोंसकट घेतलं तर अलीकडचे १०,००० मेसेज, फोटोंशिवाय ४०,०००. दोन्ही घ्या. फोटोंशिवायच्या फाइलमध्ये 'अलार्म', 'alarm', मशिन नंबर असं शोधा. सगळा ग्रुप वाचायला बसू नका, कुणाचंच होत नाही. ब्रेकडाऊन रजिस्टर काढा, वर्षभरात सगळ्यात जास्त तास खाल्लेले वीस बिघाड निवडा, आणि तेवढ्यांचीच उत्तरं ग्रुपमधून उपसा. सुरुवातीला एवढं पुष्कळ.

इथून पुढे ग्रुपवर शिस्त एकच. उपाय लागू पडला की ज्याने प्रश्न टाकला त्यानेच त्या उत्तराला हिरव्या टिकची रिॲक्शन द्यायची. शिफ्ट संपताना त्या शिफ्टचा ठरलेला माणूस टिकवाली उत्तरं बुकस्टॅकवर नेतो आणि पानाची लिंक ग्रुपवर टाकतो. ठरलेला म्हणजे नावानिशी ठरलेला. 'सगळ्यांनी टाकायचं' म्हटलं की कुणीच टाकत नाही. पुढच्या खेपेला तोच प्रश्न आला तर उत्तर परत टाइप करायचं नाही, लिंकच द्यायची. सवय त्यानेच लागते. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. साध्या पद्धतीने दाबून पाठवलेल्या फोटोत नेमप्लेटवरचे आकडे वाचता येत नाहीत.

गेज_ब्लॉक

बक्षिसाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ठेवू नका. पोस्टमागे पैसे ठेवले की एका उपायाच्या पाच पोस्ट होतात आणि तपासणारा वैतागतो.

झेरॉक्स कंपनीने १९९०च्या दशकात कॉपियर दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियनसाठी 'युरेका' नावाची पद्धत उभी केली होती, सुरुवात फ्रान्सपासून. टेक्निशियनने सुचवलेला उपाय त्याच्याच बरोबरीचे लोक तपासायचे आणि उपायाखाली सांगणाऱ्याचं नाव असायचं. पैशांपेक्षा त्या नावाचा मान लोकांना मोठा वाटला. तुमच्याकडेही पानावर 'सांगितलं: अमुक' हे ठळक दिसू द्या, आणि सकाळच्या मीटिंगमध्ये त्या पानाचा उल्लेख नाव घेऊन करा.

जे लिहीत नाहीत त्यांना लिहायला लावू नका. आयटीआयचा अप्रेंटिस शेजारी बसवा. काकांनी मशिनपाशी उभं राहून सांगायचं, पोराने फोनवर मराठी व्हॉइस टायपिंगने उतरवायचं आणि वाचून दाखवायचं. पार्टची नावं व्हॉइस टायपिंग हमखास चुकवतं, ती हाताने दुरुस्त करा. एका बैठकीला एकच बिघाड. 'तुमचा सगळा अनुभव सांगा' असं विचारलं तर उत्तर येतं, 'अनुभवानेच येतं रे बाबा.' त्याऐवजी विचारा, 'हा अलार्म आला की तुम्ही आधी हात कुठे लावता? नवा माणूस कुठे लावतो?'

सेफ्टी_फर्स्ट

एक मुद्दा राहिला. ग्रुपवरचे काही 'उपाय' म्हणजे शुद्ध जुगाड असतात: डोअर इंटरलॉक (दार उघडलं की मशिन थांबवणारी सोय) बायपास, लिमिट स्विचला तार, ओव्हरलोड रिलेचं सेटिंग वाढवणं. हे साठवणीत चढलं की त्याला अधिकृत उपायाचं वजन येतं. दुसऱ्याने तपासल्याशिवाय पान 'तपासलेलं' या टॅगमध्ये जाऊ देऊ नका, आणि इंटरलॉकला हात लावणारी नोंद सेफ्टीवाल्याच्या सहीशिवाय नकोच. मशिनचं कंट्रोल किंवा ड्राइव्ह बदलला की त्याची जुनी पानं 'जुनं' टॅग लावून बाजूला काढा. चुकीचं पान हे पान नसण्यापेक्षा वाईट.

फोटोत मागे कस्टमरचं ड्रॉइंग दिसत नाही ना, तेही बघा. नोकरी सोडलेला माणूस ग्रुपमधून काढला तरी आधीचे मेसेज आणि फोटो त्याच्या फोनमध्ये राहतात.

पानानंबर१३

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर येईल असं वाटलं नव्हतं. उपप्रश्न: शॉपवर माणूस मशिनपासून त्या पानापर्यंत पोचणार कसा? सर्च करा म्हटलं तर करणार नाहीत.

तिसरी_शिफ्ट

क्यूआर कोड. प्रत्येक मशिनचं एक अनुक्रमणिकेचं पान करा आणि कोड त्या पानाचा द्या, एकेका अलार्मचा नको. बुकस्टॅकमध्ये पानाला नंबरवाली कायमची लिंक मिळते, तीच वापरा. शीर्षक बदललं तरी ती मोडत नाही. पीसीला राउटरमध्ये ठरावीक आयपी राखून ठेवा, नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलेल आणि सगळे स्टिकर एका रात्रीत निकामी.

कागदी स्टिकर कूलंटने आठवडाभरात सुटतो. पॉलिएस्टरचं लेबल घ्या, कोड निदान चार सेंटिमीटरचा, आणि तो इलेक्ट्रिकल पॅनलच्या दारावर लावा, कूलंट उडतं त्या बाजूला नको. शॉपवर फोनला बंदी असेल तर मेंटेनन्सच्या टेबलावर एक टॅब बांधून ठेवा, त्यात लॉगिन करून. फोन चालत असतील तर शॉपवर वायफाय पोचतं का ते आधी बघा. साठवण लोकल नेटवर्कवर असेल तर मोबाईल डेटावरून ते पान उघडणार नाही, आणि लोक म्हणतील, 'क्यूआर चालत नाही.'