टीममधल्या मुलीचा विश्वास मी घालवलाय, आता काय करू?

हिंजवडी_फेज२:
सहा महिन्यांपूर्वी सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड झालोय, आठ जणांची टीम. मी जन्मापासून कोथरूडचा, आणि मला खरंच वाटायचं की मी कुणात फरक करत नाही. परवा अप्रेजलसाठी जुनी शीट उघडली तर दिसलं की क्लायंट कॉलला मी दरवेळी त्याच तिघांना बसवतोय, तिघंही पुण्यातल्या शाळांमधले. यवतमाळची एक मुलगी आहे, सगळ्यात अवघड बग तिनेच पकडलेत, तिला एकदाही नाही. वर मागच्या रिव्ह्यूत मी लिहिलंय, "कम्युनिकेशन सुधारायला हवं". का लिहिलं म्हणून आठवायला बसलो तर एवढंच आठवलं की एकदा स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, ती "मी ते चेक करून राहिली" म्हणाली, दोघं हसले आणि मीही हसलो. तेव्हापासून ती दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही. तिचे बग रिपोर्ट इतके स्वच्छ असतात की डेव्हलपरला परत काही विचारावं लागत नाही, मग कम्युनिकेशन वाईट कुठेय? सॉरी म्हणू का, आणि सगळ्यांसमोर की एकटीला?

अंबानगरी:
दादा मी अमरावतीचा, बारा वर्षं झाली पुण्यात. पहिल्या कंपनीत माझ्या "काऊन"वर असंच हसायचे. हसणं विसरतो माणूस, पण नंतर तोंड उघडायच्या आधी मनात वाक्य तपासायची सवय लागते ना, ती जात नाही, आणि तेवढ्यात दुसरा कोणीतरी तुमचाच मुद्दा बोलून मोकळा होतो. सगळ्यांसमोर सॉरी बिलकुल नको, सगळे परत तिच्याकडेच बघतील. एकटीला सांगा, आणि "तुला वाईट वाटलं असेल तर" असं नका म्हणू, मी हसलो ते चुकलं असं सरळ म्हणा. आणि तो रिव्ह्यू बदलून घ्या, पगार त्याच्यावर ठरतो.

स्प्रिंट_संपेना:
थोडं वेगळं मत. क्लायंट कॉलला अस्खलित इंग्रजी लागतंच, दरवेळी याला पूर्वग्रह म्हणायचं का?

रिक्रूटर_बाणेर:
लागत असेल तर सगळ्यांचं एकाच मापाने तपासा ना. वरच्या केसमध्ये तिचं इंग्रजी कॉलवर कुणी ऐकलेलंच नाहीये, मराठी ऐकून ठरवून टाकलं. हे आपल्याकडे मोजलं गेलंय. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांचा 2007चा अभ्यास आहे, खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले, शिक्षण सारखं, फक्त नावं वेगळी. दलित आणि मुस्लिम नावांना उच्चवर्णीय नावांपेक्षा कमी बोलावणी आली. अर्ज बघणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आपण भेदभाव करतोय हे जाणवलंही नसेल, म्हणून नुसत्या चांगल्या मनावर विसंबून चालत नाही. मी इंटरव्ह्यूत सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारते आणि पॅनेलने आपापसात बोलायच्या आधी प्रत्येकाने मार्क लिहून द्यायचे, नाहीतर सीनियरचं मत तेच सगळ्यांचं होतं. तुम्ही कॉलची पाळी लावा, नावं शीटवर सगळ्यांना दिसू देत. आणि रिव्ह्यूत "कम्युनिकेशन" लिहायचं तर कुठला कॉल, कुठला मेल ते लिहायचं, सापडलं नाही तर ते वाक्य काढायचं.

अंबानगरी:
थोरात सर आमच्या अमरावती जिल्ह्यातलेच बरं का.

हिंजवडी_फेज२:
काल बोललो तिच्याशी, कॅन्टीनमध्ये नाही, मीटिंग रूम घेऊन. मी हसलो ते चुकलं म्हणालो, ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "सर, रिव्ह्यूचं काय?" एचआरला रात्रीच मेल टाकला, रिव्ह्यूतलं ते वाक्य माझ्याकडून चुकीचं गेलंय, दुरुस्ती हवी असं लिहून. पाळीची शीट लावलीये, पहिला नंबर तिचा नको म्हणाली, तिसरा घेतलाय. स्टँडअपला आज पण दोनच वाक्यं बोलली.

अंबानगरी:
बोलू द्या दोनच. एचआरचं उत्तर आलं की आधी तिला दाखवा.