साडेतीन वर्षांच्या मुलीचे पुढचे दात किडलेत, रात्रीची बाटली आणि ब्रश दोन्हीचं काय करू?

चिमणीची_आई (भांडुप)

नमस्कार सगळ्यांना. चार दिवस लिहू की नको करतेय, आज लिहितेच.

मुलगी ३ वर्षं ४ महिन्यांची आहे. गेल्या रविवारी तिचं नाक पुसताना वरचा ओठ जरा वर गेला आणि पुढच्या चार दातांवर हिरडीच्या कडेला तपकिरी रेघ दिसली, एका दाताचा तर कोपराच गेलेला. रोज माझ्यासमोर हसते ती, आणि मला आजवर दिसलं नाही ह्याचं इतकं वाईट वाटतंय की सांगता येत नाही. जवळच्या डेंटिस्टकडे नेलं, ते म्हणाले खालच्या दोन दाढांनाही कीड लागलीय आणि पुढच्या एका दाताचं रूट कॅनल करावं लागेल. एवढ्याशा बाळाचं रूट कॅनल? मी सुन्न होऊन घरी आले.

आमचं रूटीन खरं खरं सांगते म्हणजे नीट सल्ला मिळेल. मी सकाळी पावणेआठला घर सोडते, ती पाच वाजेपर्यंत पाळणाघरात, मग सासूबाईंकडे, मी पोचते तेव्हा आठ वाजलेले असतात. दूध अजून बाटलीनेच पिते, त्यात साखर आणि चॉकलेट पावडर, एक बाटली झोपताना आणि मध्यरात्री उठली की अजून एक, ती तोंडात असतानाच झोपते. पाळणाघरात बिस्किटं, घरी आली की दुधात बुडवून परत बिस्कीट, जिन्यातल्या काकू प्रेमाने चॉकलेट देतात, शिवाय सोसायटीतले वाढदिवस. ब्रश सकाळी एकदाच आणि तो ती स्वतः करते, म्हणजे ब्रश चावते आणि पेस्ट गिळते. रात्री मी इतकी दमलेली असते की राहूनच जातं.

सासूबाई म्हणतात दुधाचे दात आहेत, पडायचेच आहेत, कशाला छळतेस पोरीला. त्यांचा हेतू वाईट नाही, त्यांच्या मुलांचे तसेच पडून नवे आले. पण मग खरंच थांबायचं का? बाटली कशी सोडवू? आणि ब्रश घेतला की ती तोंड घट्ट मिटून रडते, त्याचं काय करू?

—

ओवीची_मम्मा (गोरेगाव)

ताई, आधी स्वतःला दोष देणं थांबवा, आमच्याकडे अगदी हेच झालंय आणि आम्ही दोघंही घरूनच काम करत होतो.

पण थांबू मात्र नका. आम्ही थांबलो होतो. मुलगा ४ वर्षांचा होता, दाढ किडलेली माहीत होती, पडेल म्हणून सोडून दिली, आणि एका रात्री दीड वाजता गाल सुजून एवढा झाला, ताप १०२, पोरगं उशीवर डोकं टेकवू शकत नव्हतं. सकाळपर्यंत मांडीवर घेऊन बसले होते. नंतर कळलं की पुढचे दुधाचे दात ६-७ व्या वर्षी पडतात पण मागच्या दाढा १० ते १२ व्या वर्षापर्यंत राहतात, म्हणजे तुमच्या मुलीला त्या दाढांवर अजून ७-८ वर्षं जेवायचंय. त्याची ती दाढ शेवटी काढावी लागली आणि जागा टिकवायला तारेचं स्पेस मेंटेनर बसवलं, नाहीतर शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्या दाताला जागाच उरत नाही.

बाटलीचं सांगते. आम्ही एकदम बंद नाही केली. पहिले दोन दिवस फक्त पावडर बंद, मग साखर अर्धी, मग शून्य, मग रोज थोडं दूध कमी आणि तेवढं पाणी जास्त, असं करत साधारण बारा दिवसांत बाटलीत नुसतं पाणी उरलं आणि त्याचा त्यालाच इंटरेस्ट गेला. दूध संध्याकाळी जेवणाबरोबर कपातून देत होतो. दोन रात्री भयंकर रडला, शेजारच्यांनी भिंतीवर थाप पण मारली, तिसऱ्या रात्री पाठीवर हात फिरवत गाणं म्हटलं आणि झोपला. तेवढ्या दोन रात्रींची तयारी ठेवा, शक्यतो शुक्रवार-शनिवार धरा म्हणजे दुसऱ्या दिवशी ऑफिस नाही.

—

दातांची_डॉक्टर

मी लहान मुलांच्या दातांचंच काम करते, बारा वर्षं झाली. चिमणीच्या आई, तुम्ही सगळं रूटीन खरं लिहिलंत त्याबद्दल आधी आभार, कारण बहुतेक आई-बाबा आम्हाला "गोड अजिबात देत नाही" एवढंच सांगतात आणि मग आम्हाला कारणच सापडत नाही.

वरचे पुढचे चार दात आणि नंतर दाढा, खालचे पुढचे दात मात्र चांगले, हा बाटलीने होणाऱ्या किडीचा ठरलेला नमुना आहे. दूध वरच्या दातांभोवती साचतं, खालच्या पुढच्या दातांवर जीभ येते आणि तिथे लाळही भरपूर असते म्हणून ते वाचतात. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, म्हणून दिवसाच्या कपभर गोड दुधापेक्षा मध्यरात्रीची तीच बाटली कितीतरी जास्त नुकसान करते.

आता खाण्याचं. दातात अळी वगैरे काही नसते, आपण कीड म्हणतो म्हणून तसं वाटतं. दातावरच्या चिकट थरात बॅक्टेरिया असतात, त्यांना साखर मिळाली की काही मिनिटांत ते आम्ल तयार करतात. पीएच (आम्लपणा मोजायचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातलं कॅल्शियम विरघळायला लागतं. मग लाळ हळूहळू ते आम्ल मारते आणि निघालेलं कॅल्शियम थोडं परत भरते, पण त्याला अर्धा तास तरी लागतो, कधी जास्त. म्हणून प्रश्न किती गोड खाल्लं एवढाच नसतो, किती वेळा खाल्लं हा त्याहून मोठा असतो. एक पूर्ण लाडू जेवणाबरोबर खाल्ला तर दातावर एक हल्ला झाला. तोच लाडू तासातासाने कुरतडला तर सहा हल्ले, आणि मधे लाळेला सावरायला वेळच नाही. तुमच्या मुलीची बाटल्या, बिस्किटं, चॉकलेट मोजा, मला वरवर आठ-नऊ वेळा दिसतायत.

ह्यावर स्वीडनमध्ये १९४० च्या दशकात विपेहोल्म नावाच्या संस्थेत एक मोठा अभ्यास झाला होता. तिथल्या मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफी खायला घालून दात किडतात का ते बघितलं गेलं. त्या माणसांची संमती न घेता केलेलं हे काम होतं, त्याचं समर्थन होऊच शकत नाही, पण त्यातून जे दिसलं ते आम्ही आजही शिकतो: जेवणासोबत साखर दिलेल्यांत कीड फार वाढली नाही, जेवणांच्या मधे चिकट टॉफी चघळणाऱ्यांत प्रचंड वाढली.

म्हणून बिस्कीट. आयांना बिस्कीट हे गोडात धरायचंच नसतं, पण मैदा आणि साखर दोन्ही त्यात, वर ते दाढेच्या खाचांत असं बसतं की चॉकलेट त्या मानाने लवकर विरघळून जातं. खजूर, बेदाणे, चिक्की, गूळ, मध हे पौष्टिक म्हणून देतो ते ठीक आहे पण दाताला गूळ आणि साखर ह्यात फरक कळत नाही, तेही जेवणासोबतच द्या. मधल्या वेळेला चीजचा तुकडा, काकडी, उकडलेलं अंडं, घावन, थालीपीठ, पनीर, दही (साखर न घालता), फळ चिरून, ज्यूस करून नाही. आणि हो, खोकल्याची-तापाची सिरप बहुतेक गोड असतात, रात्री औषध पाजलं की वर पाणी पाजा.

रूट कॅनलची भीती कमी करा. दुधाच्या दाताचं रूट कॅनल मोठ्यांपेक्षा सोपं असतं, दाढेला नंतर स्टीलची टोपी बसवतात आणि ती दाढेबरोबरच पडून जाते. जिथे नुसते पांढरे, खडूसारखे डाग आहेत तिथे फ्लोराईड वार्निश (दाताचं कवच घट्ट करणाऱ्या फ्लोराईडचा लेप) लावून कीड परतवता येते. आणि मूल अजिबात बसू देत नसेल तर एसडीएफ नावाचं एक औषध आहे, लावलं की बहुतेक वेळा कीड थांबते, दात मात्र तिथे काळा पडतो, हे आधी सांगून लावतो.

—

नातवाचा_आजोबा (गिरगाव)

मी आणि सौ. दोघं मिळून नातवाला सांभाळतो, वय वर्षं ३. तुमच्या सासूबाईंच्या बाजूने दोन शब्द लिहितो, राग मानू नका. आमच्या वेळी घरात बिस्किटाचा पुडा महिन्याला एकदा यायचा, सकाळी राखुंडीने किंवा मंजनाने दात घासले की झालं, आणि पडलेला दात कौलावर टाकून उंदराला दे म्हणायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. आता पुडा रोज घरात असतो आणि नातू रडला की हात आपोआप तिकडे जातो, कारण त्याचे आईबाप दिवसभर नसतात आणि त्याला रडवत ठेवणं आपल्याला बघवत नाही.

सुनेने आम्हाला काय करू नका हे कधी सांगितलं नाही, एक दिवस डॉक्टरांकडे सोबत नेलं. तिथे नातवाच्या दाढेचा फोटो मोठ्या स्क्रीनवर दाखवला. घरी आल्यावर सौ.ने स्वतःच पुडा वरच्या फळीवर ठेवला, आणि आता चार वाजता आमच्याकडे चुरमुरे नाहीतर पोह्याचा चिवडा असतो, शेंगदाणे काढून कारण घशात अडकायची भीती. तुम्ही पण सासूबाईंना एकदा सोबत न्या.

—

दोन_मुलांचा_बाबा (कुर्ला)

डॉक्टर मॅडम एक विचारायचं होतं. आमचं गाव यवतमाळकडे आहे, तिथे बोअरच्या पाण्यात फ्लोराईड म्हणून कित्येकांचे दात पिवळे-तपकिरी झालेत, माझ्या चुलत भावाचे पण. म्हणून मी दोन्ही मुलांना मुद्दाम बिनफ्लोराईडची लहान मुलांची पेस्ट आणतो. बरोबर करतोय का?

—

दातांची_डॉक्टर

दादा, भीती समजते, पण मुंबईत ती लागू होत नाही. भातसा, वैतरणा, तानसा वगैरे आपले तलाव म्हणजे पावसाचं साठलेलं पाणी, त्यात फ्लोराईड नगण्य. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडचे डाग खोल बोअरचं पाणी वर्षानुवर्षं रोज लिटरभर प्यायल्याने येतात. पेस्टमध्ये प्रश्न प्रमाणाचा आहे. ट्यूबवर १००० पीपीएम (पेस्टमधल्या फ्लोराईडचं प्रमाण) लिहिलेलं बघा, ३ वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, ३ ते ६ वर्षं वाटाण्याएवढी, बस. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी दाखवतात तेवढी नको. तांदळाच्या दाण्याएवढ्या पेस्टमध्ये साधारण ०.१ मिलिग्रॅम फ्लोराईड असतं, गिळलं तरी त्याने काही होत नाही. मुलं गावाला महिनोन्‌महिने राहणार असतील तर तिथल्या पाण्याची तपासणी करून मग ठरवा. नाहीतर मुंबईत बिनफ्लोराईडची पेस्ट म्हणजे नुसता फेस.

आणि चिमणीच्या आई, ब्रशचं राहिलंच. ७-८ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच करायचा, मुलाच्या हातात तेवढं कसब नसतं. आरशासमोर उभं करून समोरून घासू नका. तुम्ही पलंगावर बसा, तिचं डोकं तुमच्या मांडीत, तोंड वर, डाव्या हाताच्या बोटाने ओठ बाजूला, म्हणजे सगळं दिसतं आणि तुमचा हात स्थिर राहतो. रडली तर तोंड उघडंच असतं, रडण्याने इजा होत नाही, दोन मिनिटं नाही जमली तर एकच मिनिट पण रात्री. सकाळचा चुकला तर चुकू दे, रात्रीचा नको. नंतर पेस्ट थुंकायला लावा पण चूळ भरून सगळी धुऊन काढू नका, आणि मग पाण्याशिवाय काही नाही. मागच्या दोन दाढा एकमेकींना चिकटलेल्या असतील तर तिथे ब्रश पोचत नाही, आठवड्यातून तीन-चार वेळा फ्लॉस (दातांच्या फटीत फिरवायचा दोरा) फिरवा.

खर्च जड जात असेल तर मुंबई सेंट्रलला नायर डेंटल आणि सीएसएमटीजवळ सरकारी डेंटल कॉलेज, दोन्हीकडे लहान मुलांचा वेगळा विभाग आहे. केस पेपर सकाळीच काढा.

—

चिमणीची_आई (भांडुप)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज आठ दिवस झाले म्हणून लिहितेय.

शुक्रवारपासून बाटली सुरू केली सोडवायला. पावडर बंद केल्यावर दोन दिवस बाटली फेकली तिने, काल रात्री अर्ध्याहून जास्त पाणी होतं तरी प्यायली. मधे उठली तेव्हा पाठ थोपटली, पंधरा मिनिटं रडली आणि झोपली, मी पण थोडी रडले. ब्रश मांडीत झोपवून करतेय, पहिल्यांदा तिच्या सगळ्या दाढा मी नीट बघितल्या. आधी बाहुलीचे दात घासायचे, मग तिचे, असं तिनेच ठरवलंय.

पाळणाघरातल्या ताईंशी बोलले, घरून डबा दिला तर चालेल म्हणाल्या, आज काकडी आणि घावन दिलं होतं, घावन परत आलं, काकडी संपली. जिन्यातल्या काकूंना सांगायला मला फार अवघड गेलं, पण त्या म्हणाल्या मग मी तिला स्टिकर देईन.

गुरुवारी सकाळी नायरला जातोय. सासूबाईंना मी काही बोललेच नव्हते, आजोबांची पोस्ट फक्त वाचून दाखवली. त्या म्हणाल्या सुट्टी नको काढूस, तू ऑफिसला जा, मी आणि बाबा नेतो. मी म्हटलं नाही, सगळेच जाऊ.