विहिरीचे पाणी बिघडले, पण आधीची तपासणीच नाही. पुरावा कसा उभा करावा?

नमस्कार. मी नागपूरला राहतो. आमचे घर आणि शेती जिल्ह्यातच एका औष्णिक वीज प्रकल्पाच्या राखेच्या तलावालगत आहे. गेल्या काही वर्षांत विहिरीचे पाणी पार बदलले. गुंडात रात्रभर भरून ठेवले की तळाशी राखाडी साका बसतो आणि तुरीची डाळ कितीही उकळली तरी शिजत नाही. प्रकल्पाचे अधिकारी म्हणतात, ‘तुमचे पाणी आधीपासूनच असे असेल.’ ते खोडून काढायला जुना तपासणी अहवाल आमच्याजवळ नाही.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या डिमॉक येथे नैसर्गिक वायूच्या विहिरींमुळे पिण्याच्या पाण्यात मिथेन उतरल्याचा दावा रहिवाशांनी केला, तेव्हा कंपनीचा बचावही हाच होता. २०१६ मध्ये ज्यूरीने दोन कुटुंबांना ४२ लाख डॉलरहून अधिक भरपाई दिली. पुढच्याच वर्षी न्यायाधीशांनी पुराव्यातील उणिवांवर बोट ठेवून तो निकाल रद्द केला आणि शेवटी तडजोड झाली. मात्र त्या राज्याच्या २०१२ च्या कायद्यानुसार अशा वायूविहिरीपासून २,५०० फुटांच्या आत, काम झाल्यापासून १२ महिन्यांत पाणी बिघडले, तर दोष कंपनीचाच गृहीत धरला जातो आणि तो नाकारायचा असेल तर पुरावा कंपनीने द्यायचा असतो. त्यामुळे खोदकामाआधी पाणी तपासून घेण्याची गरज कंपनीलाच भासते. मला ही तरतूद अत्यंत न्याय्य वाटते, कारण प्रयोगशाळेचा खर्च शेतकऱ्यापेक्षा प्रकल्पाला सहज झेपतो.

आपल्याकडे तमिळनाडूतील चामड्याच्या कारखान्यांच्या प्रदूषणाबाबतच्या वेल्लोर प्रकरणात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने, आपली कृती पर्यावरणाला घातक नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी उद्योगावर टाकली आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० मध्येही दोष सिद्ध न करता भरपाईचे तत्त्व आहे. तरीही, आधीचा अहवाल नसताना विहिरीच्या पाण्याबाबत या न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या खंडपीठाने हे तत्त्व प्रत्यक्ष लावल्याचा एखादा निकाल कोणाला माहीत आहे का?

दुसरे असे की, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने गावातील सार्वजनिक विहिरींचे घेतलेले नमुने आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी माहितीच्या अधिकारात मिळवल्या, तर शेजारच्या खासगी विहिरीसाठी तो पुरावा ग्राह्य धरतील का?

सर्वांत मोठी काळजी मुदतीची आहे. हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १५ प्रमाणे भरपाईचा अर्ज कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो. पाणी हळूहळू बिघडले असेल, तर ही पाच वर्षे चव बदलली तेव्हापासून मोजायची की पहिला प्रयोगशाळा अहवाल हाती आला तेव्हापासून? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.