कारण न सापडलेल्या काविळीच्या मुलांचे नमुने जपून ठेवणे सक्तीचे करावे का?

कोथरूडकर (धागाकर्ता):
एप्रिल २०२२ मध्ये स्कॉटलंडमधून मुलांच्या तीव्र यकृतदाहाची सूचना आली, तेव्हा त्या मुलांमध्ये हिपॅटायटिस अ ते ई यांपैकी एकही विषाणू सापडत नव्हता. ८ जुलैपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेकडे ३५ देशांतील १०१० संभाव्य रुग्णांची नोंद झाली होती. त्यांपैकी २२ मुले दगावली आणि ४६ मुलांवर यकृत प्रत्यारोपण करावे लागले. मार्च २०२३ मध्ये उत्तराचा मोठा भाग हाती आला, तो नमुने राखून ठेवले होते म्हणूनच. स्कॉटलंडच्या अभ्यासात ३२ पैकी २६ रुग्णांच्या रक्तात एएव्ही-२ (अ‍ॅडिनो-असोसिएटेड व्हायरस २) हा विषाणू निघाला, तर तुलनेसाठी घेतलेल्या ७४ जणांपैकी केवळ ५ जणांत. हा विषाणू स्वबळावर वाढत नाही, त्याला अ‍ॅडिनोसारख्या दुसऱ्या विषाणूची साथ लागते. त्यामुळे एकाच विषाणूचा शोध घेणाऱ्या चाचण्या अपुऱ्या ठरल्या. दिल्लीतील १९५५-५६ ची काविळीची मोठी साथ हिपॅटायटिस अ ची नव्हती, हेदेखील १९८० मध्ये जुन्या रक्तनमुन्यांवरूनच उघड झाले. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ज्या शहरात आहे, त्या पुण्यातील रुग्णालयांना अशा मुलांचे नमुने साठवणे बंधनकारक असावे, असे माझे ठाम मत आहे.

धायरीतील पालक:
मी असहमत आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात गुइलेन-बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि आम्ही पालक महिनोन्‌महिने पाणी उकळत बसलो. हिपॅटायटिस अ आणि ई हेही दूषित पाण्यातूनच पसरतात. हिपॅटायटिस अ ची लस उपलब्ध आहे, पण ती सरकारी लसीकरण कार्यक्रमात नाही, खिशातून पैसे भरावे लागतात. ज्ञात शत्रू नळातून घरात येत असताना अज्ञाताच्या मागे निधी का वळवायचा? शिवाय आपल्याकडे ‘कारण सापडले नाही’ याचा अर्थ बहुधा ‘ई ची चाचणी केलीच नाही’ असा असतो.

बालरोग डॉक्टर:
शेवटचे वाक्य माझ्या अनुभवाशी जुळते, आणि म्हणूनच सक्ती करायची तर व्याख्या कडक हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये वय १६ किंवा त्याहून कमी, रक्तातील यकृताची विकरे (एन्झाइम) लिटरमागे ५०० एककांच्या वर आणि अ ते ई नाहीत, असे निकष लावले होते. आपल्याकडे त्याआधी डेंग्यू, विषमज्वर, विल्सनचा आजार (शरीरात तांबे साठणे), पॅरासिटामॉलची जादा मात्रा आणि घरी दिलेल्या झाडपाल्याच्या औषधांचा परिणाम हे सारे तपासावे लागेल. माझी खरी चिंता मात्र वेगळी आहे. ‘अज्ञात’ हा शब्द कानावर पडला की घरचे लोक हताश होतात, मुलाच्या गळ्यात काविळीची माळ घालतात, आणि मूल दिवसा झोपू लागले, असंबद्ध बोलू लागले किंवा हिरड्यांतून रक्त येऊ लागले तरी रुग्णालयात यायला उशीर करतात. रक्त गोठण्याचा वेळ वाढलेला असेल, तर प्रत्यारोपण केंद्राशी त्याच दिवशी बोलावे लागते. नमुना त्यानंतर.

कोथरूडकर:
डॉक्टरसाहेब, कडक व्याख्या मला मान्य आहे, परंतु ‘त्यानंतर’ मान्य नाही. पहिल्या दिवशीच्या रक्तात जे सापडते, ते आठवड्याने सापडेलच असे नाही; ब्रिटनमध्ये अ‍ॅडिनो विषाणू रक्तद्रवापेक्षा (प्लाझ्मापेक्षा) संपूर्ण रक्तात अधिक सापडत होता, आणि ते रक्त वेगळे राखावे लागते. दाखल करताना घेतलेल्या रक्तातील थोडा भाग बाजूला काढल्याने उपचार एक क्षणही थांबत नाहीत. धायरीतील पालकांनाही सांगावेसे वाटते, की हेच नमुने अ आणि ई ची खरी संख्या दाखवतील, आणि नळाच्या पाण्याबद्दलचा आपला युक्तिवाद महापालिकेपुढे आकड्यांसह मांडता येईल.

धायरीतील पालक:
मग क्रम उलटा ठेवा. दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची अ आणि ई ची चाचणी आधी मोफत करा, तिचा निकाल प्रभागनिहाय जाहीर करा, आणि जी मुले उरतील त्यांचेच राखलेले रक्त पालकांच्या लेखी संमतीने पुढे पाठवा. पालकांना न विचारता लेकराचे रक्त शीतकपाटात पडून राहणार असेल, तर माझा विरोध कायम आहे.