हायस्कूलला खोल्या कमी पडतात: वर मजला चढवायचा की बाजूला नवीन ब्लॉक? (नागपूर, मानेवाडा)

शाळा_समिती:
नमस्कार. मानेवाडा भागातलं अनुदानित हायस्कूल आहे, पाचवी ते दहावी. इमारत १९९८ ची, तळमजला अधिक एक. दोन्ही मजल्यांवर सहा-सहा मिळून १२ वर्गखोल्या, शिवाय विज्ञान प्रयोगशाळा आणि एक हॉल. जिना एकच, चार फुटी. तुकड्या १५ असल्यामुळे एक तुकडी प्रयोगशाळेत आणि दोन हॉलमध्ये पार्टिशन टाकून बसतात.

सप्टेंबरअखेरचा पट (पाचवी ते दहावी क्रमाने):
२०२३: ९६, १००, १०४, १३८, १४६, १३०
२०२४: १०२, ९९, १०३, १५०, १४४, १३७
२०२५: ११०, १०४, १०४, १५८, १५३, १३८

समितीचं म्हणणं, गच्चीवर एक मजला चढवून ८ खोल्या काढाव्यात. ठेकेदार सांगतो की कॉलमच्या सळ्या वर सोडलेल्याच आहेत, म्हणजे तेव्हाच सोय केलेली आहे. मागच्या बाजूला साधारण ३० बाय १४ मीटर मोकळी जागा आहे, सध्या तिथे सायकल स्टँड. काळी माती आहे. मूळ नकाशाची झेरॉक्स सापडली, आर.सी.सी. ड्रॉइंग नाहीत. काय करावं?

पट_आणि_तुकडी:
आठ खोल्या हा आकडा आला कुठून? तुमच्याच पटावरून मांडून बघू.

एका वर्गातून पुढच्या वर्गात पुढच्या वर्षी किती पोरं जातात, त्याचं गुणोत्तर काढायचं. पाचवी ते सहावी १.०२-१.०३, सहावी ते सातवी १.०३-१.०५. सातवी ते आठवी १.४४ आणि १.५३. खरी उडी इथेच आहे, सातवीपर्यंतच असलेल्या शाळांमधली पोरं आठवीला तुमच्याकडे येतात. आठवी ते नववी १.०४ आणि १.०२, नववी ते दहावी ०.९४ आणि ०.९६.

सरासरी धरून पुढे ढकला. २०२८ मध्ये आठवीत बसणारी पोरं आज पाचवीत आहेत: ११० चे सातवीपर्यंत ११७ होतात, गुणिले १.४८ म्हणजे १७४. नववी १६५, दहावी १५१. आठवी ते दहावी मिळून आज ४४९ आहेत, तेव्हा ४९० होतील. सातवी-आठवीचं गुणोत्तर १.४४ धरलं तर ४७७, १.५३ धरलं तर ५०६. म्हणजे वाढ ३० ते ६० च्या दरम्यान. "पट झपाट्याने वाढतोय" हे बरोबर, पण तो आठवीच्या दारातून वाढतो. आसपासच्या कोणत्या शाळा आठवी सुरू करणार आहेत हे आधी विचारून घ्या. एका शाळेने वर्ग वाढवला की १.४८ चं १.३ व्हायला वेळ लागत नाही.

आठवी ते दहावीला खोलीत ४५ धरले तर १२ तुकड्या, पाचवी ते सातवीला ५५ पर्यंत धरले तर ६, एकूण १८. आठवड्याच्या ४५ तासिकांपैकी प्रयोगशाळा, संगणक, चित्रकला आणि मैदान मिळून आठेक तासिका तुकडी वर्गाबाहेर असते. मग १८ गुणिले ३७ म्हणजे ६६६ तासिका. एक खोली ९० टक्के वापरली तर ४०.५ तासिका देते. उत्तर १६.४, म्हणजे १७ खोल्या. अशा फिरत्या वर्गाने (तुकडीला ठरलेली खोली न देता) एकच खोली वाचते आणि दप्तरं घेऊन पोरं जिन्यावर अडकतात, त्यामुळे १८ च धरा. आज १२ आहेत, कमी पडतात ६. प्रयोगशाळा आणि हॉल परत मोकळे होतात. आठ कशाला?

आणि खोल्या बांधल्या म्हणून शिक्षक मिळत नाहीत. संच मान्यता (शिक्षक पदांची मंजुरी) पटावर होते, तीही आधार जुळलेल्या पटावर. आधार न जुळलेली पोरं मोजणीत धरली जात नाहीत, आणि १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर पदांचे निकष बदललेत. नवीन तुकड्यांना पदं मिळतील का, हे शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयात आधी तपासा. नाहीतर खोली आहे, मास्तर नाही.

सळई_वाळू:
वर सोडलेल्या सळ्यांवरून फक्त एवढंच कळतं की १९९८ मध्ये कोणाच्या तरी मनात होतं. फूटिंग (कॉलमखालचा पाया) किती मजल्यांचं आहे हे सळई सांगत नाही. शिवाय सत्तावीस वर्षं उघड्यावर राहिलेली सळई हातोडीने ठोकून बघा, पापुद्रे निघतील. १६ मिमीची सळई आत १३-१४ वर आलेली असली तर तिला नवीन सळई जोडून चालत नाही. कॉलमचं डोकं फोडून निरोगी सळई उघडी करावी लागते.

आता वजन. आयएस (भारतीय मानक) ८७५ भाग २ प्रमाणे ये-जा असलेल्या गच्चीला दर चौ.मी. १५० किलो चल भार (माणसं-सामानाचं वजन) धरतात, वर्गाला ३००, व्हरांडा आणि जिन्याला ४००. गच्चीचा स्लॅब वर्गाची जमीन होणार, म्हणजे त्याच्यावरचा भार दुप्पट. वरचा कोबा (गच्चीचा पाणी अडवणारा थर) काढला तर दोनशे किलोच्या आसपास परत मिळतात, म्हणून जुना स्लॅब कदाचित निभावेल. कॉलम आणि फूटिंगचं तसं नाही. नवीन मजल्याचा स्लॅब, बीम, भिंती, फरशी आणि माणसं मिळून दर चौ.मी. अंदाजे १२०० किलो. एका कॉलमच्या वाट्याला १२ चौ.मी. आले तर १४ टनांवर जादा वजन. जमिनीची धारणक्षमता चौ.मी.ला १५ टन असली तरी प्रत्येक फूटिंगला जवळपास १ चौ.मी. जास्तीचं क्षेत्र लागेल. ते आधीपासून आहे का, हे खड्डा करूनच कळतं.

म्हणून तपासणी, याच क्रमाने:
१) तीन-चार ठिकाणी फूटिंग उघडी करा, एक कोपऱ्यातलं आणि एक मधलं हवंच. लांबी-रुंदी, जाडी, खाली मुरूम आहे की काळी माती.
२) रिबार लोकेटरने कॉलमच्या सळ्या आणि रिंगांचं अंतर.
३) रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक (काँक्रीट न फोडता करायच्या चाचण्या). हे फक्त कुठे कमजोर आहे ते दाखवतात. ताकदीच्या आकड्यासाठी किमान ३ कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेले दंडगोल). आयएस ४५६ प्रमाणे कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ च्या खाली नको.
४) कोअरवर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडा. सळईपर्यंत काँक्रीट गुलाबी झालं नाही तर कार्बोनेशन (हवेमुळे काँक्रीटचं सळईला गंजापासून वाचवणं संपणं) आत पोचलंय, मग मजला चढवायचा विषय बाजूला ठेवा.

शाळेला भूकंपाच्या आयएस १८९३ (२०१६) मध्ये महत्त्व गुणक १.५ आहे, म्हणजे भूकंपाचा भार दीडपट धरायचा. नागपूर भूकंपाच्या कमी धोक्याच्या झोन २ मध्ये असलं तरी हा गुणक सुटत नाही. नवीन मजला धरून अख्ख्या इमारतीचं गणित परत करावं लागतं, नुसत्या वरच्या मजल्याचं नाही.

ठेका_नागपुरी:
भाऊ, लोकं उगाच भेवाडून राहिले. कॉलमला जॅकेटिंग (भोवती सळई-काँक्रीटचं वेष्टण) करा न, काम खल्लास. आपल्याकडे कितीक इमारती अशाच चढल्या, उभ्या आहेत न बाप्पा. नवीन ब्लॉकला पाया, प्लिंथ (जोतं), सगळंच पहिल्यापासून. खर्च पाहा.

सळई_वाळू:
@ठेका_नागपुरी, जॅकेटिंगचा खर्चही मांडून बघा. आयएस १५९८८ प्रमाणे जॅकेटची जाडी किमान १०० मिमी. ३०० चा कॉलम ५०० चा होतो. व्हरांड्यातल्या कॉलमला केलं तर चालायची रुंदी जाते, वर्गातल्या कॉलमला केलं तर कडेचा बाक जातो. जॅकेट फूटिंगपर्यंत न्यावं लागतं, म्हणजे तळमजल्याची फरशी फोडून सगळी फूटिंग उघडी. फूटिंग मोठं न करता नुसता कॉलम जाड केला तर वजन खाली जाऊन अडकणार कुठे? आणि हे सगळं चालू असताना ८०० पोरं कुठे बसवणार?

नकाशा_मंजुरी:
जिन्याकडे कोणी पाहिलं नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेत शाळेचा जिना किमान १.५ मीटर. तुमचा चार फुटी, म्हणजे १.२. बाहेर पडायचं माप माणशी १० मिमी. वरच्या मजल्यावर ६ खोल्या गुणिले ५० म्हणजे ३०० पोरं, एकूण ३ मीटर रुंदी हवी, म्हणजे १.५ चे दोन जिने. गच्चीवर मजला चढवला तरी नवीन जिना बांधावाच लागणार. मग तोच जिना नवीन ब्लॉकच्या टोकाला, जुन्या व्हरांड्याला लागून का नको? जुन्या इमारतीला फुकटात दुसरा जिना मिळतो. अग्निशमन विभागात हाच मुद्दा सगळ्यात आधी विचारला जातो.

म्हणजे मागे तळमजला अधिक एक, प्रत्येक मजल्यावर तीन खोल्या. खोली ७.५ बाय ६ मीटर, ४५ पोरांना ४५ चौ.मी. व्हरांडा २.४ मीटर. जिन्यासह लांबी २६-२७ मीटर, रुंदी ९. तुमच्या ३० बाय १४ मध्ये सामासिक अंतरं (हद्दीपासून सोडायची जागा) सोडून बसतं का, ते युडीसीपीआर २०२० (राज्याची बांधकाम नियमावली) वरून आर्किटेक्टकडून तपासून घ्या. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, खिडक्या उत्तर-दक्षिण. पश्चिमेला खिडकी दिली तर एप्रिलमध्ये त्या वर्गात दुपारी कोणी बसू शकत नाही.

जुनं-नवं जोडताना:
स्लॅब एकमेकांना बांधू नका. आयएस ४३२६ प्रमाणे आर.सी.सी. फ्रेमला मजल्यामागे २० मिमी फट. पुढे तिसरा मजला येणार असेल तर आत्ताच ६० ठेवा, नंतर फट वाढवता येत नाही. वर अॅल्युमिनियमची सरकती पट्टी, फटीत विटांचे तुकडे किंवा माल पडू द्यायचा नाही. गवंडी हमखास भरून टाकतात.
नवीन फूटिंग जुन्यापेक्षा १ मीटर खोल जाणार असेल तर किमान २ मीटर दूर ठेवा आणि व्हरांड्याचा स्लॅब तेवढा पुढे काढून जुन्यापर्यंत आणा.
समोरचा रस्ता सिमेंटचा होऊन उंच झाला असेल तर ठेकेदार नवीन प्लिंथ उंच घेईल. मग दोन्ही व्हरांड्यांत १५० मिमीची पायरी येते. उतार १:१२, म्हणजे १.८ मीटरचा रॅम्प. तो नकाशातच दाखवा.

स्वच्छतागृहं विसरू नका. एकूण पट ८२० आणि निम्म्या मुली धरल्या तर मुलींना २५ मागे एक, म्हणजे १७ सीट. मुलांना ४० मागे एक, म्हणजे ११, शिवाय २० मागे एक युरिनल. पाणी माणशी ४५ लिटर, दिवसाला जवळपास ३७ हजार.

शाळा_समिती:
चित्र बरंच बदललं. मुलींच्या सीट सध्या सहाच आहेत. दोन शंका: काळ्या मातीत पाया कसा घ्यायचा, आणि कर्ज काढायचं ठरलं तर?

नकाशा_मंजुरी:
कर्जाचं आधी. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, जागा गहाण ठेवा की न ठेवा. ठराव, तीन वर्षांचे ताळेबंद आणि अंदाजपत्रक तयार ठेवा. जागा मनपाच्या हद्दीत आहे की नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) ले-आऊटमधली, आर.एल. (नियमितीकरणाचं पत्र) झालेली आहे का, हे फाइलमध्ये नसेल तर नकाशा पुढे सरकणार नाही. अंदाजपत्रकात १ टक्का कामगार उपकर धरायचा राहून जातो.

सळई_वाळू:
पायाचं माती परीक्षणावर ठरेल, किमान दोन बोअर. फ्री स्वेल (पाण्यात माती किती फुगते ते) ५० टक्क्यांवर आलं तर माती चांगलीच फुगणारी. दीड-दोन मीटरवर चांगला मुरूम लागला तर सरळ मुरमात फूटिंग. काळी माती खोल असेल तर अंडररीम्ड पाइल (खाली फुगवटा असलेला जमिनीतला काँक्रीटचा खांब), किमान ३.५ मीटर, आणि प्लिंथ बीमच्या खाली ८० मिमी पोकळी. ती पोकळी भरली तर पावसाळ्यात माती फुगून बीम वर उचलते आणि पहिल्याच वर्षी भिंतीत तिरप्या भेगा दिसतात. खोदलेली काळी माती प्लिंथमध्ये परत भरू देऊ नका, ठेकेदाराला वाहतूक वाचवायची असते. मुरूम थरांनी, पाणी मारून, दाबून. खड्डा उघडा ठेवायचा नाही, तळ दिसला की त्याच दिवशी पीसीसी (सळईविना काँक्रीटचा थर).

वेळ अशी: खोदकाम दिवाळीनंतर, प्लिंथ डिसेंबरअखेर. दहावीचं परीक्षा केंद्र असाल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पेपरच्या वेळेत मिक्सर आणि व्हायब्रेटर बंद, म्हणून पहिला स्लॅब जानेवारीतच उरका. दुसरा एप्रिलमध्ये गेला तर पहाटे ओता, काँक्रीट ४० अंशांच्या वर गेलेलं नको. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला उन्हाळ्यात १४ दिवस पाणी, कडेला मातीचे बांध घालून साचवलेलं, पाइपने शिंपडलेलं नाही. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे स्लॅबचे टेकू आयएस ४५६ मध्ये ७ दिवस, सहा मीटरच्या बीमचे १४, पण ते साध्या ओपीसीला. पीपीसीला जास्त ठेवा. विदर्भात शाळा जूनअखेर उघडते, त्यामुळे प्लास्टर आणि वायरिंगला मे-जून पुरतो. रंग मात्र ओल्या भिंतीवर देऊ नका, तो दिवाळीच्या सुट्टीत.

पट_आणि_तुकडी:
तोवर हॉलमधल्या तुकड्यांसाठी टिनशेडचा विचार असेल तर सोडा, मार्च-एप्रिलमध्ये बसवत नाही. पाचवी-सहावीची सकाळची पाळी करा, चार तुकड्या निघतात.