मदत हवी आहे : साइटवर कूलरचं माप धड दिलेलंच नाही, घेऊ का नको?

प्रतापनगरवाली
दोन दिवसांपासून एका मोठ्या दुकानाच्या साइटवर कूलर पाहून राहिली आहे, डोकं फिरलं नुसतं. नावात ७५ लिटर, खाली तक्त्यात ५५. माप दिलंय ६६ x ४८ x १२२, बस्स. इंच का सेंटिमीटर, रुंदी कोणती, खोली कोणती, काही नाही (इंच असतील तर तो कूलर नाही, आख्खी खोलीच झाली). स्वस्त ते महाग असं लावलं की पहिले तीन पानं कूलरचे कव्हर, पंप न् ताट्या (बाजूच्या पाण्यानं भिजणाऱ्या जाळ्या). रिव्ह्यू उघडले तर एक जण लिहिते 'बेस एकदम दमदार', म्हणजे कोण्या स्पीकरचे रिव्ह्यू इथे येऊन पडलेत. भाव रविवारपर्यंतच आहे आणि इकडे आई घामानं भिजून राहिली. घेऊ का नको, पटकन सांगा.

बर्डीकर७१
ताई, असं कसं सांगणार? कुठे ठेवायचा, खिडकी केवढी, मॉडेल कोणतं, काहीतरी तर सांगा.

प्रतापनगरवाली
घरीच ठेवायचा ना काका, आणखी कुठे. मॉडेल नंबर साइटवर असता तर धागा कशाला काढला असता.

तर्रीपोहे
प्लास्टिकच्या भानगडीत पडूच नका. पत्र्याचा घ्या, आपल्याकडे कारागीर खिडकीच्या मापानं बनवून देते. आमचा १७ वर्षांचा आहे, दर मार्चमध्ये रंग मारतो, वुडवूलच्या (लाकडी किसाच्या) ताट्या बदलतो, झालं. मे महिन्यात पहाटे चादर लागते.

मानकापूर_एक्सप्रेस
आणि पत्र्यात करंट उतरला मग? हनीकॉम्बच्या (जाड कागदी जाळीच्या) ताट्या, प्लास्टिक बॉडी, डोळे मिटून घ्या.

तर्रीपोहे
अर्थिंग नसेल तर ते घराचं दुखणं आहे, कूलरचं नाही. पाणी भरताना प्लग काढायचा, एवढं तर पोरांनाही माहीत आहे. आणि बोअरच्या पाण्यावर हनीकॉम्ब चालवून पाहा बे, क्षार बसून दगड होते त्याचा. ताट्या दरवर्षी नवीन, तेही थोड्याशा पैशात.

घामेघूम
हवेचा आकडा पाहिला का? काही साइट नुसतं '४०००' लिहून मोकळ्या होतात. सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) असेल तर वेगळं, घनमीटर प्रति तास असेल तर वेगळं, १ सीएफएम म्हणजे १.७ घनमीटर प्रति तास. तसे ४००० म्हणजे साधारण २३५० सीएफएम झाले. १२ बाय १२ ची खोली, १० फूट उंच, म्हणजे १४४० घनफूट, ती हवा दर दोन मिनिटांत बदलायला निदान ७२० सीएफएम पाहिजे. एक खिडकी उघडी ठेवाल तरच थंड वाटेल, नाहीतर नुसतं चिपचिप.

प्रतापनगरवाली
अहो हवेचं मी विचारलंच नाही, मापाचं विचारलं!! बाल्कनीच्या दारातून जाईल का एवढंच सांगा. एकच पल्ला उघडते, दुसऱ्याच्या मागे फ्रिज आहे, मोकळी जागा २४ इंच.

एसीवाला_नाही_मी
हप्त्यानं इन्व्हर्टर एसी घेऊन टाका, भांडणच नको.

बर्डीकर७१
आता कसं! हे आधी सांगायचं होतं. १२२ सेंटिमीटर म्हणजे ४ फूट, ती उंची. ६६ म्हणजे २६ इंच, ४८ म्हणजे १९. सरळ जाणार नाही, आडवा फिरवून जाईल. हे माप खोक्याचं असेल, बरेचदा तेच टाकतात, तर कूलर त्याहून लहानच निघेल, म्हणजे दोन्हीकडून तुमचं काम होते. पण बाल्कनीतून हवा खिडकीतून आत घेणार ना? खिडकीचा कठडा किती उंच आहे? हवेची जाळी कूलरच्या वरच्या भागात असते, कठडा ३ फुटांचा असला तर अर्धी हवा भिंतच खाईल.

प्रतापनगरवाली
३ फुटांचाच आहे. म्हणजे स्टँड पण लागेल? साइटवर स्टँडचं नावही नाही.

ग्राहकराजा
७५ आणि ५५ दोन्ही दिसतील असे स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेवा, उद्या बदलतात. २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे एमआरपी, उत्पादकाचं नाव-पत्ता, जिथे आकाराला महत्त्व आहे तिथे मापही, हे ऑनलाइन दाखवावंच लागते, १ जानेवारी २०१८ पासून. दाद देत नसले तर १९१५ वर फोन करा, ग्राहक हेल्पलाइन आहे.

मानकापूर_एक्सप्रेस
मेअखेरचा कडक उन्हाचा नवतपा संपेपर्यंत तक्रारीचा नंबरच लागून राहील साहेब, काकू तोवर काय करतील?

प्रतापनगरवाली
आज बर्डीवर त्याच दुकानात जाऊन आली. साइटवर 'नागपुरात उपलब्ध' होतं, तिथे फक्त डिस्प्लेचा एक. टेप घेऊन गेली होती, रुंदी २६, खोली १९ बरोबर निघाली, धन्यवाद काका. मागच्या स्टिकरवर ५५ लिटर. भाव साइटपेक्षा ९०० नं जास्त, विचारलं तर म्हणे ऑनलाइनचा ऑनलाइनच. स्टँड मागितलं तर म्हणे मॅडम, साइटवर पाहा.
तर्रीपोहे भाऊ, तो तुमचा कारागीर कुठे बसते?

तर्रीपोहे
बसते गड्डीगोदामच्या बाजूला, पण ताई तो आता जूनपर्यंत नवीन ऑर्डरच घेऊन नाही राहिला.