दोघंच कुठं गेला होता का कधी? (डिकीतल्या किल्लीवरून)

पेठेतली
आज सकाळी स्कूटर गेली. चेतक, ह्यांची लग्नाआधीची. सहा वर्षं जिन्याखाली उभी होती, तिच्यावर कांद्याचं पोतं ठेवायचो. भंगारवाला म्हणाला, वहिनी, डिकी तेवढी रिकामी करून द्या. स्क्रूड्रायव्हरनं उचकटली तर आत एक काळं फडकं, एक जुना प्लग आणि एक किल्ली. किल्लीला लाकडाचा ठोकळा, त्यावर पांढऱ्या रंगानं ७.

मी तिथंच पायरीवर बसले.

१९९३ चा डिसेंबर. लग्न होऊन सात महिने झालेले. शिवाजी पेठेत अडीच खोल्या आणि माणसं अकरा. आमच्या खोलीतनंच मागच्या मोरीकडं जायची वाट. रात्री कुणी उठलं की आधी खोकायचं, मग दार ढकलायचं. (आमचे मामा, म्हणजे सासरे, फार प्रामाणिकपणे खोकायचे. धाकटे दीर नाही.) नवऱ्याशी दोन वाक्यं बोलायची तर मी वाळवण काढायला गच्चीवर आणि हे मागनं टाकीत पाणी किती आहे बघायला. टाकी इतकी कुणीच कधी बघितली नसेल.

"जरा फिरून येतो" म्हणायची सोय नव्हती. पण ह्यांच्या नोकरीचा नवस फेडायचा राहिला होता जोतिबाचा. आत्तींनीच, म्हणजे सासूबाईंनीच, नारळ, खोबरं, दवणा सगळं बांधून दिलं. दर्शन झालं, गुलाल झाला, डोंगर उतरलो आणि केर्लीच्या फाट्यावर हे कोल्हापूरकडं वळलेच नाहीत. मी म्हटलं अहो, घर तिकडं. म्हणाले, "माहिताय."

पन्हाळा. घरापासून वीस-बावीस किलोमीटर. आमचा हनिमून तो एवढाच.

तबक उद्यानाच्या अलीकडं एक छोटं लॉज होतं, खोली नंबर ७. चादरीला डांबराच्या गोळ्यांचा वास. आमच्या केसांतला गुलाल निघता निघेना, सकाळी बघते तर दोन्ही उशा गुलाबी. मालकीणबाईंनी अभ्रे काढताना माझ्याकडं बघितलं, काही बोलल्या नाहीत, हसल्या फक्त. एवढं लाजल्याचं मला दुसरं आठवत नाही.

अंधारबावेत उतरलो, तिथं ह्यांनी हात धरला. सज्जाकोठीवर बसलो, हे संभाजीराजांना इथंच ठेवलं होतं वगैरे सांगत होते. मी ऐकत नव्हते. मध्ये कुणी हाक मारत नाहीये, ह्याचंच मला नवल चाललं होतं.

दुपारी हे गल्लीतल्या किराणा दुकानात फोन करून आले, "गाडी बंद पडलीय, उद्या येतो." दुसऱ्या दिवशी परतताना वाघबीळच्या उतारावर गाडी खरंच बंद पडली. जोतिबानं तिथल्या तिथं हिशेब चुकता केला. डिकीतला प्लग तो. आणि किल्ली ह्यांच्या पँटच्या खिशातच राहिली होती, पाठवू पाठवू म्हणत राहूनच गेली.

आता तुमचं सांगा. सिंगापूर-बाली नको, इथलंच आसपासचं. दोघंच.

रस्सामंडळ
वहिनी, खोली तुम्ही अजून सोडलेली नाही. तीस वर्षांचं भाडं काढा आधी 😂

गावाकडचा इंजिनिअर
महाराजांना सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं निसटायला भर पावसाची रात्र लागली, १६६० साली. तुम्हाला पेठेच्या वेढ्यातनं निसटायला एक नारळ पुरला. नाद खुळा!

मावशीबाई
धाकटे दीर नाही 😂😂 आमच्याकडं जाऊबाई. दूध ऊतू जातंय, नंतर लिहिते.

पुण्यातून
आमचं उलटं. आम्ही पुण्याहून कोल्हापूरला गेलो होतो 'दोघंच'. ऑफिसातल्या एका कोल्हापूरकर मित्राला चुकून सांगितलं की शनिवारी तुमच्या गावात आहे. त्यानं त्याच्या मामांना सांगितलं. मामा हॉटेलच्या खाली हजर. "हॉटेलात ऱ्हातासा? आमी मेलोय काय?"

शनिवार रात्री त्यांच्याकडं तांबडा-पांढरा. बायको म्हणाली मी पांढराच घेते, तिखट नसतो ना, तर मामींनी तो वाटीत न देता तांब्यानं वाढला. रविवारी पहाटे मामा परत हजर, गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला. पेला हातात घ्यायचा आणि समोर धार काढतात. बायकोनं डोळे मिटून प्यायलं. मग अंबाबाई. मग भवानी मंडप. मग चप्पल, तीही मामांनीच घासाघीस करून, आमच्या देखत दुकानदाराशी असं भांडले की मला वाटलं आता हातघाईवर येणार. शेवटी दोघं मिळून चहा प्यायले. रंकाळ्यावरचा सूर्यास्त आम्ही सहा जणांनी बघितला.

दोन दिवसांत आम्ही दोघंच असे फक्त लिफ्टमध्ये होतो.

रस्सामंडळ
@पुण्यातून मग सोडतोय काय आम्ही! परत या.

पुण्यातून
येतो, पण सांगून येणार नाही.

तिखटमीठ
मी आणि नवरा गगनबावड्याला गेलतो पाऊस बघायला. पोरगीला आईकडं सोडली. ती तेव्हा दहा महिन्यांची, दहा महिने सलग दोन तासाच्या वर झोप नाही. रूमवर गेलो, बॅग टाकली, म्हटलं पाच मिनिटं पडतो. उठलो ते दुसऱ्या दिवशी अकरा वाजता. बाहेर नुसतं धुकं, घाट दिसला नाही, काय दिसलं नाही. चहा पिऊन परत झोपलो. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं लई भारी पाऊस होता.

पुण्यातून
तुम्ही ताई आहात की दादा? 'गेलतो', 'झोपलो'...

तिखटमीठ
बाईच आहे की ओ. आमच्यात बायका पण गेलोच म्हणतात.

पेठेतली
मी शाळेत जायला लागल्यापासून मराठीच्या बाईंनी हाणून हाणून 'गेले' शिकवलंय. रागावले की अजून 'आलो आलो' निघतंय तोंडातनं.

कृष्णाकाठ
आम्ही खिद्रापूर. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा. पोरांनी पार्टी ठरवलेली, मी म्हटलं नको, तुझ्या आईला घेऊन जातो कुठंतरी. नृसिंहवाडीत खोली घेतली आणि पौर्णिमा बघून संध्याकाळी कोपेश्वराला गेलो. मुद्दाम त्रिपुरी टाळली, त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी. पुढचा स्वर्गमंडप वरनं उघडा आहे, छताला मोठं गोल भोक. बरोब्बर त्याच्याखाली गोल शिळा, तेवढ्याच मापाची. भोवती खांब, ह्या मंडपात मिळून ४८. शिलाहारांच्या काळचं काम. चंद्र वर आला की उजेड आधी खांबाच्या अंगावर पडतो आणि सरकत सरकत खाली येतो.

आता खरं सांगतो. सरकायची वाट बघायला आम्ही थांबलोच नाही, कारण बायको रुसली होती. ती मागच्या बाजूचे हत्ती मोजत होती (देऊळ हत्तींच्या पाठीवर उभं आहे), मी मध्येच बोललो, तिचा आकडा चुकला. परत पहिल्यापासनं. परत मी बोललो. मग बोलायचं बंद. तिथं गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत. एक रुसलेला कोपेश्वर, दुसरा त्याची समजूत काढायला आलेला विष्णू, धोपेश्वर. मी म्हटलं बघ, हे आपल्या दोघांचंच देऊळ. हसली नाही. वाडीत येऊन कवठाची बर्फी घेतली तेव्हा कुठं म्हणाली, "अर्धा किलो घ्या, पाव काय घेताय."

हत्ती किती ते अजून ठरलेलं नाही. तिचा एक आकडा, माझा एक.

नवीनच
कवठाची बर्फी पार्सल टिकते का? मुंबईला न्यायची आहे.

कृष्णाकाठ
टिकते की. तुमच्या हातात टिकली तर.

घाटवाट
आंबोली, जुलै, लग्नानंतर तीन आठवडे. सगळ्यांनी सांगितलं होतं जुलैत नको. आम्ही ऐकलं नाही. ज्या ठिकाणी राहिलो तिथं लाईट नाही, जनरेटर आहे पण डिझेल नाही, आणि रूमचं दार पावसानं फुगून लागेना. रात्रभर दाराला बॅग लावून झोपलो. सकाळी धबधब्यावर गेलो, परत आलो तर बायकोच्या पायाला दोन जळवा. मी ओढून काढायला गेलो (चूक!), ती किंचाळली, मी म्हटलं एवढ्याला काय ओरडायचं (त्याहून मोठी चूक!!).

परतीला आजरा येईपर्यंत एक अक्षर नाही. आजऱ्यात ती म्हणाली, गाडी थांबवा. मला वाटलं आता उतरून एसटीनं जाते. उतरली, दुकानात गेली, पाच किलो घनसाळ तांदूळ घेऊन आली. म्हणाली, "आईंनी सांगितला होता." बाकी काही नाही. गडहिंग्लजपर्यंत गाडीभर त्या तांदळाचा वास. मीच शेवटी म्हटलं, मीठ घेऊन जायला पाहिजे होतं गं जळवांसाठी. म्हणाली, "ते मी निघतानाच म्हटलं होतं."

मावशीबाई
हो म्हटलंच असणार तिनं. आम्ही म्हणतो, तुम्ही ऐकत नाही.
(दूध गेलं शेवटी. गॅस पुसून आले.)

तिखटमीठ
+१ मावशी

रस्सामंडळ
पन्हाळ्याचा विषय निघालाय आणि झुणका-भाकरीवर कोण बोलत नाही? तीन दरवाजाजवळ बसून खाल्लाय ना? कांदा बुक्कीनं फोडला का चाकूनं? त्यावर सगळं ठरतं.

गावाकडचा इंजिनिअर
बुक्कीनं. चाकूनं कापला की कांद्याला लोखंडाचा वास येतो.

पुण्यातून
आम्हाला प्लेटमध्ये चकत्या दिल्या होत्या 😐

गावाकडचा इंजिनिअर
तुमच्या तोंडावरनंच ओळखलं असणार.

घाटवाट
आमची भाकरी माकडानं नेली. झुणका ठेवला. त्याला पण कळतं तिखट.

ओसरी
लिहू का नको असं चाललं होतं. आमचं पन्हाळा राहिलं. हे रिटायर झाले की दोन दिवस निवांत जाऊन राहायचं होतं, मसाई पठारावर फुलं येतात तेव्हा. पहिल्या वर्षी कोरोना. पुढच्या वर्षी, २०२१ ला, जुलैच्या पावसात गडाचा रस्ताच खचला, म्हटलं होऊ दे दुरुस्त, पुढच्या सप्टेंबरला जाऊ. पुढच्या सप्टेंबरला ते नव्हते. बॅग भरायला घेतली होती त्यांनी, आधीपासनं भरायची सवय. त्यांचा राखाडी स्वेटर अजून तिच्यातच आहे. मी दुसरी बॅग वापरते.

मावशीबाई
ओसरीताई 🙏

पेठेतली
ताई, कोल्हापुरात कुठं असता? येऊ का भेटायला?

ओसरी
राजारामपुरीत. या ना. दुपारी असते मी. चहा करते चांगला, बाकी काही येत नाही आता.

पेठेतली
गुरुवारी येते. भडंग घेऊन.

नवीनच
मी पुढच्या शनिवारी पन्हाळ्याला जातोय, लग्नानंतर पहिल्यांदाच. काही टिप्स?

गावाकडचा इंजिनिअर
शनिवार-रविवार सोडून कधीही जा. आधीच रविवारी गाडी लावायला जागा मिळायची नाही, त्यात २०२५ ला युनेस्कोच्या यादीत बारा किल्ल्यांत नाव आलंय. मंगळवारी वगैरे जा. एक रात्र तरी मुक्काम करा. दिवसा सगळे पुसाटी बुरुज, अंबरखाना, तीन दरवाजा करून सहाला खाली पळतात. जेवणानंतर बाहेर पडा, गड रिकामा असतो, खाली लांबवर कोल्हापूरचे दिवे. डिसेंबरात स्वेटर पाहिजेच.

आणि अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी कोठारं आहेत, तिथं आत जाऊन आवाज देऊ नका. प्रत्येक नवीन जोडपं देतं.

नवीनच
मंगळवारी रजा नाही मिळणार हो.

रस्सामंडळ
गाडी बंद पडली म्हणून सांगायचं. वहिनींनी वर लिहिलंय की.

घाटवाट
पण मग गाडी खरंच बंद पडते, तेही लिहिलंय.

मावशीबाई
पेठेतली, ह्यांना किल्ली दाखवली का? काय म्हणाले?

पेठेतली
आत्ताच आले बँकेतनं. टेबलावर ठेवली होती समोर. चष्मा लावला, उलटीपालटी केली, ७ वर अंगठा फिरवला. म्हणाले, "पितळ आहे चांगलं. भंगारवाल्यानं धरलं नाही ना वजनात?"

मग किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि हातपाय धुवायला गेले. खिशातनं काढलेली नाही अजून. मी काही विचारलं नाही, स्वयंपाक राहिलाय.

तिखटमीठ
काय केलाय आज?

पेठेतली
झुणका. दुसरं काय सुचणार आज. भाकरी थापता थापता एका हातानं लिहितेय, पीठ लागलंय सगळ्या स्क्रीनला.

रस्सामंडळ
कांदा बुक्कीनं!